भाऊरावांची हरवलेली पोथी

वाचनालयातली पुस्तकं लोक घेऊन जातात आणि परत करत नाहीत. किस्से मात्र इथंच सोडून जातात. देवळीच्या आमच्या वाचनालयात असे किस्से ढिगानं साठलेत आणि त्यातले निम्मे एकट्या भाऊरावांचे!

भाऊराव म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. हरवलेल्या पोथ्या, त्यांची राखण करणाऱ्या गुप्त संघटना, पानोपानी पडणारे मुडदे, असल्या कादंबऱ्या त्यांनी कपाट संपेपर्यंत वाचल्या आणि मग स्वतःच लिहायला बसले. दर रविवारी सकाळी एक प्रकरण. ऐकायला मी ग्रंथपाल आणि शिवणकाम करणाऱ्या सुनंदाताई.

*

पहिल्याच प्रकरणात नायक जीव घेऊन पळतो, चालत्या एसटीत चढतो. मागोमाग दोन मारेकरी. आम्ही श्वास रोखून बसलो, तर भाऊरावांनी आधी तिघांची तिकिटं फाडली. एका मारेकऱ्याकडे सुटे नव्हते, त्यात दीड पान गेलं.

सुनंदाताईंनी विचारलं, "भाऊ, चाकू केव्हा काढते तो?"

"आधी तिकीट, मंग चाकू."

*

गुप्त संघटनेची बैठक हिंगणीच्या जंगलात ठरली आणि भाऊराव अडले. चार अनोळखी माणसं हिंगणीला उतरली की चहावाला विचारणारच, कोणाकडचे पाहुणे? खोटं नाव सांगावं, तर तो त्या घरी फोन लावणार.

शेवटी भाऊरावांनी गावात एक लग्न काढलं. संघटनेनं सगळा कट पंगतीत बसून रचला. बुंदी दोनदा वाढून घेतली, हे वेगळं.

*

मारेकरी तोंडाला काळं कापड बांधून बसस्टँडवर येतो आणि लोक घाबरतात, असं एक प्रकरण होतं. सुनंदाताईंना ते पटेना.

"मे महिन्यात सगळेच दुपट्टा बांधतेत, भाऊ. ज्याचं तोंड उघडं, त्याच्यावरच संशय घेतीन लोकं."

भाऊरावांना पटलं. पुढच्या रविवारी मारेकरी उघड्या डोक्यानं आला आणि ऊन लागून मेला.

*

शेवटाला मात्र गाडी रुतली. पोथी सापडणार, पण तिच्यात लिहिलंय काय? खजिना, औषध, भविष्य, आम्ही सुचवलेलं सगळंच त्यांना फुसकं वाटे. पावसाळा गेला, दिवाळी गेली. भाऊराव वाळले.

"एवढे लोकं मारले म्या," ते म्हणाले. "आत काहीच नाई निघालं तं तोंड कसं दाखवू?" येत्या रविवारी सगळे कागद रद्दीत देतो म्हणाले. मला फार वाईट वाटलं. रविवारची सवय लागली होती.

त्या रविवारी त्यांच्या पाठोपाठ शांताकाकू आल्या. नवरा दर आठवड्याला न सांगता जातो कुठं, हे बघायला. दाराशी बसल्या.

भाऊरावांनी शेवटचं प्रकरण वाचलं. नायक चिखल तुडवत, मुडदा ओलांडत बोर धरणापल्याडच्या गुहेत शिरतो. समोर लाल कापडात बांधलेली पोथी. तो हात पुढे करतो. इथं भाऊराव थांबले आणि कागद गोळा करू लागले.

"आंघोळ केली का त्यानं?" काकूंनी विचारलं.

"कोणं?"

"त्यानंच. मुडद्यावरून आला, अन् तसाच पोथीले हात लावून राह्यला?"

भाऊरावांनी गोळा केलेले कागद पुन्हा खाली ठेवले. मग माझ्या टेबलावरचा पेन उचलला, उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या.

"नायक नदीवर आंघोळीला गेला. परत आला, तेव्हा पोथी जागेवर नव्हती."