कुलपाआड ठेवायची होती ती मुलगी

समोरच्या खोलीतल्या गुजराती मासींमुळे माझी मुलगी कुलपाआड राहिली नाही. हे आधीच लिहिते, कारण माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहिण्याच्या नादात त्यांचं नाव मागे पडायला नको.

तेव्हा आम्ही धुळ्याकडून सुरतेला येऊन नवागामात राहत होतो. नवरा लूमवर जायचा, मी मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालायला. आठ वर्षांची मुलगी शाळा सुटली की गल्लीतल्या दुकानात व्हिडिओ गेम खेळायची. एकदा मी डोकावले, तर ती बंदुकीनं माणसं पाडत होती आणि “मेला, मेला!” करून हसत होती. रात्री मी ते नवऱ्याला सांगितलं.

“पोर बिघडी जाई,” नवरा म्हणाला. “आपण येईपर्यंत बाहेरून कुलूप लाव.” गल्लीत कामावर जाणारे बरेच जण तसंच करायचे. मी कुलूप आणलंसुद्धा.

मासींनी ते माझ्या हातात बघितलं. “अरे बेन, आत काही पेटलं तर दार कोण उघडणार? तुझा तो गेमवाला?”

मला रडूच फुटलं.

“माझ्याकडे बसव,” त्या म्हणाल्या. “माझ्या नातवाचा गाडीचा गेम आहे, तो ती खेळेल. बंदूकवाला नाही.”

नवरा दोन दिवस कुरकुरला, मग स्वतःच तिला तिकडे सोडायला लागला. बंदुकीचा गेम आम्ही बंदच केला. बरोबर केलं की चूक, अजून कळत नाही.

मासी आता थकल्यात. कधी त्यांना सोबत लागली, तर मी काम सोडून त्यांच्यापाशी बसेन. हे मी फेडणारच.