खूर उकळणाऱ्यांचं आडनाव

माझी आत्या कवळ्या बनवते. लोकांच्या जबड्यांचे ठसे दिवसभर तिच्या हातात असतात, पण तिला कधी कशाची शिसारी आली नाही. लग्नानंतरही तिनं माहेरचं आडनाव सोडलं नाही.

बाबांचं फर्निचरचं दुकान नावारूपाला आलं, तसा त्यांना त्या आडनावाचा इतिहास हवासा वाटू लागला. आपले पूर्वज राजाच्या शस्त्रागाराचे राखणदार, असं ते येईल त्याला ठोकून देत. आता त्यावर जाणकाराचं शिक्कामोर्तब हवं होतं. आत्यानं ओळखीतल्या भाषेच्या एका निवृत्त प्राध्यापिकेला घरी आणलं.

त्या बाईंनी चहा घेता घेता सांगितलं, की हा शब्द आपल्या भाषेतला नाहीच. डोंगरापलीकडून आलेल्या एका जमातीचा आहे, आणि त्याचा अर्थ ‘खूर उकळणारे’. मेलेल्या जनावरांचे खूर आणि कातडी शिजवून ती माणसं सुतारांसाठी लाकूड चिकटवायचा सरस बनवत. दुर्गंधीमुळे त्यांना वस्तीबाहेर ठेवत.

बाबांचं तोंड कडू झालं. दुसरा काही अर्थ निघेल का, असं त्यांनी विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, “दुसरा अर्थ हवा असेल, तर दुसरा माणूस शोधा.”

बाबांनी शोधला. त्यानं हवा तो अर्थ काढून दिला आणि दुकानासाठी तलवारी कोरलेली पाटी करायला टाकली गेली.

आत्याला हे कळलं तेव्हा तिनं खाटकाकडून खूर आणले आणि आपल्या घरामागे चुलीवर मोठ्या पातेल्यात उकळत ठेवले. वर करडा फेस जमला, त्यात केस तरंगू लागले. कुजका, गोडसर वास घशात जाऊन बसला. आत्या भिंतीशी जाऊन भडभडून ओकली, चूळ भरली आणि पुन्हा ढवळायला आली.

शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्यावर बाबा मला घेऊन तिथं पोचले. नाकाला रुमाल लावून ते तिच्यावर तडकले. वेड लागलंय का, चार लोकांत आमची लाज काढतेस, असं बरंच काही बोलले.

आत्यानं पळी खाली ठेवली. “मलाही किळस आली रे. आतडी पिळवटून निघाली. हे त्यांनी जन्मभर सोसलं, म्हणून तू आणि मी आहोत. आणि तू त्यांना पुसून टाकतोस. आता तुझीच किळस येतेय मला.”

बाबा गाडीत जाऊन बसले. मी तिथंच थांबले. नाकाला काही न लावता पातेलं उतरवायला हात लावला.

पाटी ठरल्या दिवशी लागली. समारंभात एका गिऱ्हाइकानं आडनावाचा अर्थ विचारला, तेव्हा आत्यानं खरा सांगितला, सरसाच्या वासासकट. त्यानं हातातली बशी खाली ठेवली. तेव्हापासून बाबा तिला बोलवत नाहीत. मी मात्र दर रविवारी तिच्याकडे जेवायला जाते.