शेजारचा ब्रेक

मास्तरांचा उजवा पाय मास्तरांचं ऐकत नसे. गाडी शिकवायच्या मोटारीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक बसवलेला असतो. शिकाऊ माणूस गोंधळला की मास्तरांनी तो दाबायचा, गाडी थांबते, सगळे घरी सुखरूप जातात. आपल्या मास्तरांनी तो सव्वीस वर्षं दाबला. या सव्वीस वर्षांत त्यांच्या मोटारीला साधा ओरखडा पडला नव्हता, आणि हे ते ओळख झाल्यावर तिसऱ्या वाक्याला सांगत. पाय इतका सरावला होता की खुर्चीत बसून पेपर वाचतानाही बाहेर कुणी जोरात हॉर्न वाजवला तर खटकन जमिनीवर पडायचा.

आता पायाचं एक वेळ चालतं हो. पण तीच खोड जिभेला लागली, तिथे सगळं बिनसलं. घरात कुणी काही सांगायला लागलं की वाक्य पुरं व्हायच्या आत मास्तरांचा ब्रेक पडलाच. बायको म्हणायची, आज जरा कसंतरीच होतंय. मास्तर म्हणायचे, त्यात काय एवढं, चहा घे. मुलगी शाळेतून रडत आली, तर रडायचं काय त्यात, तोंड धू. माणूस वाईट नव्हता. समोरच्याला धडक बसू नये म्हणून आधीच थांबवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात. थांबवलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे बघायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

मुलीला घरात ठकी म्हणत. ठकी लग्न होऊन डोंगरातल्या एका गावी राहायची, गाडीने दोन तासांवर. दोन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले होते आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं. तिने फोन केला तो नेमका मास्तरांनी उचलला. ते म्हणाले, "होतं गं असं. रडत बसून काय होणार? पुढच्या वेळी होईल नीट." फोन ठेवल्यावर बायकोला म्हणाले, समजावलं मी तिला, आता ठीक आहे ती. आणि खरोखर त्यांना तसंच वाटलं, हीच तर गंमत. त्यानंतर ठकी फोनवर त्यांना जेवलात का विचारायची, गुडघा कसा आहे विचारायची आणि म्हणायची, आईला द्या. मास्तरांना वाटलं, पोरगी संसारात रमली.

यंदा ठकीला पुन्हा दिवस गेले. मास्तरांना ते कळलं पाचव्या महिन्यात, तेही बायको दोरीवरचे कपडे काढता काढता बोलून गेली म्हणून. हातातला टॉवेल तसाच धरून त्यांनी विचारलं, मला आधी का नाही सांगितलं? बायको म्हणाली, तिने नको सांगू म्हटलं होतं. मग सातवा लागला, डॉक्टरांनी ठकीला पलंगावरून हलायचं नाही म्हणून बजावलं, जावई पडले कारखान्यात पाळीवर. आईला बोलावणं आलं. मास्तर लगेच म्हणाले, चल, मी सोडतो. तेव्हा बायकोने घड्या घालायचं काम थांबवलं आणि म्हणाली, "ती म्हणाली, एकटी ये."

मास्तर तिथेच खाली बसले. तोंडात मारल्यासारखं झालं त्यांना.

त्या गावाला बस दिवसातून एकदा, तीही भरवशाची नाही. ठकीचं रोजचं तूर्त शेजारीण बघत होती, पण वेळ आली तर बायकोला स्वतः गाडी चालवत जायला हवं, आणि तिच्याकडे लायसन्स नव्हतं. म्हणजे सव्वीस वर्षं गाव शिकवला आणि घरची बाई तशीच राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मास्तरांनी हिरिरीने शिकवायला घेतलं. महिनाभरात ती दोनदा परीक्षेला बसली आणि दोन्ही वेळा एकाच जागी नापास झाली. चौकाआधीच्या पांढऱ्या पट्टीवर गाडी थांबवायची असते, ती तिने थांबवलीच नाही. पट्टी ओलांडून सरळ पुढे. तपासणीसाने कपाळाला हात लावला. मास्तर घरी येऊन तास दोन तास बोलत होते. लक्ष कुठे असतं तुझं, एवढी मोठी पट्टी दिसत नाही का, माझं नाव घालवलंस. बायको मिठाची गुळणी धरून बसून राहिली.

पुढच्या आठवड्यात मास्तर एका दातांच्या डॉक्टरांना चौकात घेऊन गेले होते. डॉक्टर चाळिशीचे, हाताला घाम सुटणारे, दर वळणावर सॉरी म्हणणारे. सिग्नलपाशी शेजारी दुसरी मोटार येऊन उभी राहिली. वर पाटी मास्तरांच्या रस्त्यापलीकडच्या, गाडी शिकवायच्या दुसऱ्या शाळेची. ती शाळा एक बाई चालवायच्या. त्या कधी आवाज चढवत नसत, म्हणून मास्तरांनी त्यांचं नाव मऊबाई पाडलं होतं आणि गावभर चघळलं होतं. मऊबाई शेजारी बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. आणि स्टिअरिंगवर मास्तरांची बायको.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सिग्नल सुटला, ती मोटार सुबक वळण घेऊन निघूनही गेली, तरी हे मान वळवून बघतच होते. तेवढ्यात पुढे कुणाची तरी हातगाडी आडवी आली. मास्तरांचा पाय जागचा हलला नाही. डॉक्टरांनी स्वतःच ब्रेक दाबला, गाडी वीतभर अंतरावर अलगद थांबली, आणि डॉक्टर इतके खूश झाले की म्हणाले, सर, आज पहिल्यांदा मी थांबवली बरं का. मास्तरांना ते ऐकू गेलं, पण डोक्यात शिरलं नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ठिणगी पडली. ती काकडी चिरत होती, हे दारात उभे. गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, शत्रूच्या गाडीत जाऊन बसलीस, असं बरंच काही ते बोलले. तिने ऐकून घेतलं. मग सुरी खाली ठेवून, हात पुसून, अगदी हळू आवाजात बोलायला लागली.

"पट्टी मला दिसत होती. दोन्ही वेळा दिसली. मी गाडी थांबायची वाट बघत होते."

"वाट बघत होतीस म्हणजे? गाडी काय आपोआप थांबते?"

"तुम्ही शेजारी असताना आपोआपच थांबायची. महिनाभरात त्या पट्टीवर मी एकदाही ब्रेक दाबलेला नाही. माझा पाय पोचायच्या आत तुमचा पडलेला असायचा." मास्तरांनी तोंड उघडलं, तशी तिने हात वर केला. लग्नानंतरच्या अठ्ठावीस वर्षांत तिने असा हात केला नव्हता. "पहिल्या दिवशी मी त्या बाईंना म्हटलं, मला भीती वाटते. त्या म्हणाल्या, कशाची? बस, एवढंच विचारलं आणि गप्प राहिल्या. गाडी बाजूला लावून मी अर्धा तास बोलत होते. मला ठाऊकच नव्हतं माझ्यापाशी इतकं बोलायचं साठलंय ते."

"कशाची वाटते?" असं मास्तरांनी तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. कुणीही विचारलं असतं. ते म्हणाले, भीती वाटायला काय झालं, मी होतो की शेजारी. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. "त्याचीच," ती म्हणाली आणि पुन्हा काकडी चिरायला लागली.

मास्तर पुढचे चार दिवस कामावर गेले, पण शिकवताना लक्ष पायाकडे. एक एक करून मोजायचं म्हणून त्यांनी मोजलं, तर एका तासात एकेचाळीस वेळा पाय पडला, आणि त्यातल्या पाच-सहा वेळाच खरी गरज होती. बाकीच्या वेळी शिकाऊ माणूस थांबवणारच होता. यांना धीर नव्हता. मग ठकीचा तो फोन आठवला. ती त्या दिवशी पूर्ण वाक्यं किती बोलली होती? बाबा, माझं... एवढंच. पुढचं मास्तरांनीच बोलून टाकलं होतं.

तिसऱ्या परीक्षेला बायको पास झाली. पट्टीच्या हातभर अलीकडे गाडी उभी केली म्हणे. ही बातमी मास्तरांना मऊबाईंनी रस्ता ओलांडून येऊन दिली, आणि मास्तरांना धन्यवाद म्हणावं लागलं. जड गेलं, पण म्हणाले.

आठच दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला ठकीचा फोन आला. बाळ कालपासून कमी हलतंय, डॉक्टरांनी आजच्या आज खालच्या मोठ्या दवाखान्यात दाखल व्हायला सांगितलंय, जावयांना कारखान्यातून निघायला संध्याकाळ होईल, गावात दुसरी गाडी नाही. बायकोने पर्स उचलली, घरच्या गाडीची किल्ली घेतली. मास्तर फाटकापाशी उभे. चावी इकडे दे, हे शब्द अगदी ओठावर होते. घाटातला रस्ता, नवं लायसन्स, मुलीचा जीव तिकडे टांगणीला. त्यांनी फाटकाचा गज घट्ट धरला.

"मी येऊ का?" त्यांनी विचारलं.

तिने क्षणभर विचार केला. "या. पण मी चालवणार. आणि तिने आत नको म्हटलं तर बाहेर बसायचं."

घरच्या गाडीत शेजारी ब्रेक नव्हता, तरी पहिल्याच वळणावर मास्तरांचा पाय गाडीच्या तळावर आदळला. बायकोने चमकून पाहिलं, गाडी डुलली. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. तेव्हा मास्तरांनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घालून बसले. पट्टा पोटावर, दोन्ही हातांनी स्वतःचेच अंगठे धरलेले. कुणी बाहेरून पाहिलं असतं तर म्हटलं असतं, हा माणूस पंगतीला बसलाय.

चढावर पुढे मालाने भरलेला ट्रक होता. तो खोकत खोकत थांबला आणि हळूहळू मागे घरंगळायला लागला. मागे बस, डावीकडे दरी. हॉर्न दे, हँडब्रेक ओढ, क्लच सोडू नकोस, सगळं एका दमात घशाशी आलं. त्यांनी अंगठे इतके आवळले की नखं पांढरी पडली. बायकोने हॉर्न दिला, हँडब्रेक ओढला, तिचे ओठ नुसते हलत होते. ट्रक दोन हातांवर येऊन थबकला. मग धूर सोडून पुढे गेला, आणि तिने गाडी एका इंचानेही मागे न जाऊ देता उचलली. पुढे मैलभर तिने गाडी दुसऱ्या गियरमध्येच ठेवली. मास्तरांनी ते पाहिलं आणि अंगठे धरूनच ठेवले.

ठकीचं घर दोन खोल्यांचं. मास्तर बाहेरच्या खोलीत चपलांच्या शेजारी स्टुलावर बसले. आतून मायलेकींचं बोलणं ऐकू येत होतं. बायको कपाट उघडून बॅग भरायला लागली, काही कपडे गच्चीवर होते ते आणायला वर गेली. घरात दोघंच उरली. मग आतून आवाज आला.

"बाबा, या आत."

ठकी भिंतीला टेकून बसली होती, एक हात पोटावर. डोळे सुजलेले. त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मला भीती वाटतेय."

मास्तरांच्या जिभेवर ते सव्वीस वर्षांचं वाक्य तयारच होतं. त्यात काय एवढं. पाय जमिनीवर खट्‌कन पडला, आणि वाक्य जिथल्या तिथे थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा तो ब्रेक नेमक्या माणसाला, खुद्द मास्तरांनाच लागला. ते पलंगाच्या कडेला बसले.

"कशाची गं?"

ठकीने मान वर करून पाहिलं. बहुतेक चूक झाली असावी, दुसरंच कुणी बोललं असावं, असं तिला वाटलं. मास्तर पुढे काहीच बोलले नाहीत. आता बोलावं, काहीतरी बोलावं, असं त्यांच्या मनात शंभर वेळा आलं असेल.

"पहिल्या वेळी मी नाव ठेवलं होतं," ती म्हणाली. "कुणालाच नव्हतं सांगितलं. यांनासुद्धा नाही. तुम्ही म्हणालात, पुढच्या वेळी होईल. मला पुढचं नको होतं, बाबा. मला तेच हवं होतं. आता हेही गेलं तर तुम्ही पुन्हा तसंच म्हणाल, आणि मग मी कधीच येणार नाही तुमच्याकडे. त्याची भीती वाटते."

मास्तरांना रडू आवरलं नाही. त्यांनी ते लपवलंही नाही. नाक ओढत, चेहरा तसाच ओला ठेवून बसले. चुकलो म्हणावंसं वाटलं, पण तो शब्द त्यांना फार लहान वाटला. त्यांनी विचारलं, "काय नाव ठेवलं होतंस?"

तिने सांगितलं. मास्तरांनी ते नाव एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणून पाहिलं, हळू, नीट, प्रत्येक अक्षर जपून. ते ऐकल्यावर ठकी दोन वर्षांचं राहिलेलं सगळं रडली. आई कपडे घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली.

घाट उतरताना मास्तर मागच्या सीटवर बसले. ठकी आडवी, तिचे सुजलेले पाय त्यांच्या मांडीवर. त्या ओझ्याखाली त्यांचे पाय हलणं शक्यच नव्हतं. पुढे वळणांमागून वळणं, मागे बाळाची काही हालचाल नाही. ट्रक थांबला होता त्या वळणाशी ठकीने त्यांचा हात धरला आणि विचारलं, "होईल ना सगळं नीट?"

बायकोने आरशातून मागे पाहिलं. तिला उत्तर पाठ होतं.

"माहीत नाही गं, ठके," मास्तर म्हणाले. "मलाही भीती वाटतेय."

ठकीने त्यांचा हात सोडला नाही. बायकोने गियर बदलला आणि वळण घेतलं.