फ्रीजरातले सोले

तुरीचे सोले, म्हंजे हिरवे दाणे, शिजायचा वास आला का मले अजून धडधडते. पोरगा दीड वर्साचा होता, अंगात ताप, अन् डॉक्टरनं सांगतलं होतं का औषधाची बाटली फ्रिजातच ठेवा, नाई तं खराब होईन. अन् आमच्या फ्रिजाचा खालचा भाग गरमच! वर फ्रीजरात बर्फ टणक, खाली दूध फाटून राह्यलं. मी बटण फिरवलं, फ्रिज भिंतीपासून सरकवला, दाराचं रब्बर पुसलं, काईच नाई. मंग फ्रीजर उघडलं तं सासूनं नणदेसाठी सोल्याच्या थैल्या ठासून भरल्या होत्या, पार मांगच्या जाळीले चिपकून. थंड हवा तिथूनच खाली येते. मी एक थैली ओढली तशी सासू ओरडली, "हात लावजो नको! माया पोरीचे हायेत ते. तुया बापानं फ्रिजच भंगार देल्ला." मी भेली, थैली परत कोंबली. दोन दिवस तेच कोमट, आंबूस वासाचं औषध पाजत राह्यली, ताप काई उतरेना. तिसऱ्या दिवशी हिंगणघाटहून मेकॅनिक आला, म्हणे, "जाळी कोणं बुजवली जी? हवा खाली येईन कशी?" सासू म्हणे, "सूनबाईले इचारा." सारे मायाकडं पाहून राह्यले, अन् मी म्हटलं, "हो, मीच भरलं." नवी बाटली आणली तवा ताप उतरला. पोरगा आता शाळेत जाते. सासूचा राग येतेच, पण सोताचाच जास्त येते, काऊन का जाळी बुजली हे मले दोन दिवस आधीच समजलं होतं.