माधवनगरच्या कॅबिनेटमधला कापूस

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी कायम चेष्टा करत आलोय, हे आधीच कबूल करतो. नव्वदच्या दशकात सांगलीत असेंबल्ड कॉम्प्युटर जोडून विकायचा माझा धंदा होता. लोक मॉनिटरला हळदकुंकू वाहायचे, कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधायचे आणि मशीन हँग झालं की मलाच विचारायचे, "काय बाधा झाली का ओ?" मी ते लिंबू काढून खिडकीबाहेर टाकायचो. म्हणायचो, बाधा एकच... धूळ!

साल अठ्ठ्याण्णव. माधवनगरला गिरणी कामगारांच्या जुन्या चाळीत प्रकाशदादा आणि सुनंदा वहिनी राहायचे. दादा कंडक्टर. वहिनी घरीच टायपिंगची कामं घ्यायच्या – अर्ज, लग्नपत्रिका, कॉलेजचे प्रोजेक्ट. त्यांचा पेंटियम मीच जोडून दिलेला. वहिनींची शिस्त अशी, की चपला दाराबाहेर आणि काम संपलं की मशीनवर भरतकामाचं कव्हर. इतकं जपणारं गिऱ्हाईक मला दुसरं मिळालं नाही.

महिन्याभरात निरोप आला, मशीन सारखं बंद पडतंय. जाऊन कॅबिनेट उघडला आणि बघतच राहिलो. आतली धूळ नेहमी करडी असते, तेलकट असते. इथं पांढराशुभ्र कापूस होता! लांब लांब तंतू, प्रोसेसरच्या पंख्याला गुंडाळलेले, मदरबोर्डवर थर. जवळपास कुणी गादीवाला नाही, माग नाही. शेजारची गिरणी बंद पडून वर्षं झालेली.

ब्लोअर मारून साफ केलं. आठ दिवसांत पुन्हा तेच. असं चार वेळा झालं.

"आमचे तात्या गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात हुते," प्रकाशदादा म्हणाले. "सगळ्यात जास्त धूळ तितंच. माग खात्यात आमच्या जातीच्या लोकास्नी घेत नव्हते. धोट्याच्या भोकातनं धागा तोंडानं वडायला लागायचा न्हवं... आमचं तोंड कसं चालंल? खोकून खोकूनच गेले तात्या. ह्याच खोलीत."

मी मान डोलावली. आणि परत स्क्रू आवळायला लागलो.

पण त्या कापसाची मला आता चीड यायला लागली होती. धुळीनं मला हरवायचं म्हणजे काय! मी समोरच्या बाजूला एक मोठा पंखा बसवला, हवा आत ओढणारा, आणि त्यावर मलमलचं दुहेरी फडकं ताणलं. मागचा पंखा लहान. म्हणजे आत हवेचा दाब जास्त राहणार, फटीफटीतून हवा बाहेरच पडणार आणि धूळ शिरायला वाटच नाही. पंधरा दिवसांनी उघडून बघितलं, आतून आरसा! मी इतका खूश, की येणाऱ्या-जाणाऱ्याला तो किस्सा सांगत सुटलो.

एक गोष्ट मात्र मी बघितली आणि सोडून दिली. फडकंही तितकंच स्वच्छ होतं; अडलेला कापूस तिथं तरी दिसायला हवा होता.

महिन्याभरानं प्रिंटरची रिबन द्यायला गेलो, तर वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या. दम लागून दोन शब्दसुद्धा सलग बोलता येईनात. मिरजेला दाखवलं होतं, एक्स-रे स्वच्छ होता. बोलता बोलता खोकल्याची उबळ आली. त्यांनी पदर तोंडाशी धरला, मग तो माझ्यापुढं केला. पदरावर पांढरा तंतू होता, बोटभर लांब.

"मामंजींना असंच पडायचं," त्या म्हणाल्या. "आवं भावजी... त्यो कापूस मशिनीत जमत हुता, तेच बरं हुतं का ओ?"

मी हसलो. खरंच हसलो! म्हणालो, "वहिनी, ॲलर्जी आहे, वाफ घ्या." त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

चौथ्या दिवशी दादा दुकानात आले. पायात चपला नव्हत्या. "गड्या, तिला श्वास घेता येत न्हाई. तुझा त्यो पंखा काढ. मला काय कळत न्हाई, पर काढ."

भर दुपारी जाऊन पंखा काढला, फडकं फाडून टाकलं आणि मशीन तसंच चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर कॅबिनेट कापसानं गच्च. आणि वहिनी चुलीपाशी बसून भाकरी थापत होत्या.

पुढं सहा महिने दर रविवारी मी तो कॅबिनेट साफ करायला जात होतो. मग दादांची साताऱ्याला बदली झाली. तिथं एकदा जाऊन बघितलं, तर तेच मशीन, त्याच वहिनी, खोकला नाही... आणि कॅबिनेटमध्ये साधी करडी धूळ.

माधवनगरच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं. तरणं जोडपं, सहा महिन्यांचं बाळ. मला राहवेना; कापूस त्यांच्या छातीत जाण्यापेक्षा मशीनमध्ये जमलेला बरा, असं वाटलं. दुकानातलं एक जुनं मशीन घेऊन गेलो आणि थाप मारली, "टेस्टिंग करायचंय, आठ दिवस हे दिवसभर चालू राहू द्या."

आठवड्यानं गेलो. बाळ आईच्या खांद्यावर होतं. "कालपास्नं जरा खोकतंय," ती म्हणाली. मी कॅबिनेट उघडला. आत कापसाचा कण नव्हता. जसा दिला तसाच!

मी तिथल्या तिथं सांगितलं, ही खोली सोडा, आजच सोडा. तिच्या नवऱ्यानं कारण विचारलं. मी पंखा, गिरणी, कापूस असं काहीतरी बडबडलो. तो हसला आणि म्हणाला, "साहेब, ॲलर्जी असंल."

कारण माझ्याकडं तेव्हाही नव्हतं, आजही नाही. मशीन तिथंच ठेवून मी बाहेर पडलो. त्यानंतर त्या चाळीत जायचा धीर मला कधीच झाला नाही.