विनूदादाची शीट

फोन आला तेव्हा मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होते. बाई काजूचं पाकीट हातात घेऊन भाव पाडत होती, आणि भाव पाडणारं माणूस मला मुळीच खपत नाही. तेवढ्यात डिचोलीहून वहिनीचा, विनूदादाच्या बायकोचा फोन. ‘गेले गो कुंदा... चाय मागलेली, घेतली पण नाय,’ एवढंच ती म्हणाली. त्या बाईला मी ते पाकीट कितीला दिलं, दिलं की नाही, काही आठवत नाही. स्टँडवर डिचोलीची बस लागलेली होती, तीत जाऊन बसले. बस सुटल्यावर लक्षात आलं की बाकीचा माल तसाच बाजारात राहिला. विनायक, माझा मावसभाऊ, आमचा विनूदादा. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याला जाऊन आता दीड महिना झाला आणि मी अजून त्याच्याशी मनातल्या मनात भांडते आहे.

दादा डिचोलीतल्या एका खाण कंपनीच्या कचेरीत हिशेबाला होता. खाणी बंद पडल्या तशी कचेरीही बंद पडली. त्याच्याबरोबरचे काही जण टॅक्सीकडे वळले, काही नुसते बसून राहिले. हा पठ्ठ्या पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊन बसला, कॉलेजच्या मुलांच्या रांगेत. स्प्रेडशीट शिकला, आणि मग त्याला जणू देवच भेटला. कुणाची तेलाची घाणी, कुणाची मिनीबस, कुणाचं बेकरीचं दुकान, दादा लॅपटॉप घेऊन हजर. धंदा चालतो का, आणि चालतो तर कुणाच्या जिवावर, हे त्याला बघायचं असायचं. मी त्याला म्हणायचे, ‘दुसऱ्याच्या पातेल्यात डोकावायची खोड तुझी.’ तो हसायचा. चिडायला येतच नव्हतं त्याला, आणि मला तर दुसरं काही येत नाही.

माझा काजूचा कारखाना पेडण्याला, घरामागच्या शेडमध्ये. कारखाना म्हणायचं आपलं... बिया उकडायच्या, फोडायच्या, वाळवायच्या, सोलायच्या आणि अख्खी, पाकळी, तुकडा असं निवडून पाकिटं भरायची. चार बायकांवर सुरू केला, पुढे अकरा झाल्या, रीतसर कंपनी नोंदवली. पहिल्या वर्षी हिशेब म्हणजे माझी कमरेची पिशवी. बाजारातून येताना ती फुगलेली असली की नफा. दादाने ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. ‘कुंदे, तुझी पिशवी भरलेली दिसता, पण त्यातला तुझा किती?’ दोन दिवस तो आमच्याकडे राहिला. चिठ्ठ्या, बिलं, विजेचे कागद, सगळं गोळा करून त्याने शीट मांडली. आडवे महिने, उभा खर्च, खाली विक्री, आणि सगळ्यात खाली शंभराच्या विक्रीमागे हातात किती उरतात तो आकडा. उरले तर हिरवा, नाही तर तांबडा. त्यात पहिला बळी गेला माझ्या मसाला काजूचा. सगळ्यात जास्त खपणारा माल तो, माझ्या हातच्या वाटणाचा, त्याचा मला कोण अभिमान. दादाने छापील डब्यांचा खर्च त्याच्यापुढे मांडला आणि आकडा तांबडा झाला. दर डब्यामागे मी गिऱ्हाइकाला पदरचे पैसे देत होते. मी डबे बंद करून साध्या पिशव्या आणल्या, पण चार दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

खरं भांडण झालं ते शोभावरून. शोभा माझी धाकटी जाऊ. पहाटेची कामं आटपून ती शेडमध्ये बसायची ती दिवेलागणीपर्यंत. अख्खा काजू आणि पाकळी तिच्यासारखी झटपट कुणी निवडत नसे. तिला पगार नव्हता. घरची ना ती... आमच्याकडे घरच्या माणसाला पगार मांडत नाहीत, गणेशचवथीला बरंसं लुगडं घेतात आणि विषय मिटतो. दादाने शीटमध्ये एक नवी ओळ घातली, ‘शोभा’, आणि तिच्यापुढे दर महिन्याचा पगार. निम्मा नफा गडप. माझं डोकंच फिरलं. घरच्यांत पैशांच्या भिंती घालायला आलास का, असं मी त्याला शोभासमोरच म्हणाले. तो शांतपणे म्हणाला, ‘शोभा उद्या आजारी पडली तर तिच्या जाग्यार कोण बसतली? ती जितको पगार मागतली, तितको हंय घालुचो. नायतर हो नफो तुझो नाय, तिचो.’ मी लॅपटॉप मिटला, त्याच्या हातात दिला आणि बस कितीला आहे ते सांगितलं.

पुढच्याच काजूच्या हंगामात शोभाची कंबर धरली. दोन महिने ती अंथरुणावर होती. तिच्या जागी मला दोन बायका ठेवाव्या लागल्या आणि त्यांचा पगार दादाच्या त्या ओळीपेक्षा वरच गेला. मी त्याला फोन केला. ‘सांगितलं होतं ना’ असं तो म्हणेल म्हणून मी तयारीत होते, पण त्याने विचारलं, ‘शोभाची कंबर कशी आसा?’ शोभा परत आली ती पगारावर. पहिला पगार हातात घेऊन ती कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दादा यायचा. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे, मांडीवर लॅपटॉप. शेडच्या जनेलाकडे, उजेडाला, कदेल म्हणजे खुर्ची ओढून बसायचा, चहात उंडो पाव बुडवून खायचा आणि आकडे भरायचा. पैशांचं नाव काढलं तर म्हणायचा, ‘घरचा काम, तेका कसले पैसे?’ चवथीला मी त्याला दोन किलो अख्खा काजू द्यायचे आणि मला वाटायचं मी फार केलं. सहा वर्षं हे चाललं. विक्री दर वर्षी चढत होती, खालचा आकडा हिरवा होता, आणि माझ्या डोक्यात हमरस्त्यावरचं दुकान बसलं. विमानतळ झाल्यापासून तो रस्ता वाहता झाला होता. गाळाही बघून ठेवला होता मी. दादा मात्र मान हलवायचा. विक्री किती टक्के वाढली आणि उरणारे पैसे किती वाढले, हे शेजारी शेजारी दाखवून म्हणायचा, ‘सुजेक बाळसा म्हणू नये गो.’

शेवटचा आला तेव्हा शेडच्या तीन पायऱ्या चढून त्याला धाप लागली होती. मी ती बघितली, आणि तरी दुकानाचाच विषय काढला. तो म्हणाला, ‘अजून एक वरस रव.’ गाळ्याचा मालक थांबायला तयार नव्हता. मी भडकले. म्हटलं, ‘दादा, तुका हिशेब कळता, धंदो कळणा नाय. जल्मभर दुसऱ्यांचे आकडे लिवलंस, स्वतः काय उभा केलंस?’ ... हे मी बोलले.  त्याने चहा संपवला, लॅपटॉप पिशवीत घातला, शोभाला हाक मारून जातो म्हणाला आणि साडेचारच्या बसने गेला. मी पायऱ्यांपर्यंतसुद्धा गेले नाही. अकराव्या दिवशी वहिनीचा फोन आला.

बाराव्याला वहिनीने लॅपटॉप माझ्या हवाली केला. ‘तुझाच जास्त काम आसा तेच्यात,’ म्हणाली. दुकानाच्या कर्जासाठी बँकेला हिशेब हवे होते, म्हणून म्हापशाची सायली नावाची एक मुलगी मी कामाला लावली. अकाऊंटचं शिकलेली, चुणचुणीत. तिने शीट उघडली आणि पाच मिनिटांत म्हणाली, ‘काकी, इथे सतराव्या ओळीनंतर एकदम एकोणिसावी आहे. मधली कुणीतरी लपवलीये.’ ओळ लपवता येते हे मला ठाऊकच नव्हतं. तिने ती उघडली. ‘हिशेबनीस, बाहेरचा ठेवल्यास.’ पुढे पहिल्या महिन्यापासूनचा पगार, सहा वर्षांचा, एकही महिना न चुकवता. आणि तळाशी आणखी एक लपवलेली ओळ, हा पगार धरून उरणाऱ्या नफ्याची. पहिलं वर्ष तांबडं. दुसरं तांबडं. तिसरं, चौथं, पाचवं, तांबडंच, फक्त आकडा दर वर्षी लहान होत आलेला. सहाव्या वर्षी तो शून्याच्या अगदी काठाला आला होता. त्याच्यापुढे त्याने चालू वर्षाचा अंदाज मांडला होता. तो तेवढा हिरवा.

 मी उठून शेडच्या मागे गेले आणि रडले, बायकांना ऐकू जाईल इतकी रडले. सहा वर्षं मी जो नफा मिरवला, गाळा बघून ठेवला, त्याला वाट्टेल ते बोलले, तो नफा माझा नव्हता. दुसऱ्याच्या घरी तो हे बोटाने दाखवायचा, माझ्याकडे त्याने झाकून ठेवलं. का, ते मला विचारायची गरज नाही. तो मला ओळखून होता. पहिल्याच वर्षी ते तांबडं बघितलं असतं तर मी तिरीमिरीत शेडला कुलूप घातलं असतं आणि बायका घरी बसल्या असत्या. नाहीतर त्याच्या अंगावर पैसे फेकले असते, आणि त्याने ते घेतले नसते. छाती दुखते हे त्याने मार्चपासून वहिनीलाही सांगितलं नव्हतं, ते नंतर दोतोराच्या कागदांवरून कळलं. एक वरस रव, म्हणाला होता. एका वर्षात कंपनी त्याच्यावाचून उभी राहिली असती, तेवढंच त्याला बघायचं होतं...

गाळ्याच्या मालकाला मी नाही म्हणून कळवलं. सायलीला दर महिन्याला यायला सांगितलं आहे. तिने अठराव्या ओळीतला पगार विचारला, मी दादाने लिहिलेला होता तोच सांगितला. तो या महिन्यापासून खऱ्या खर्चात धरला तसा खालचा हिरवा आकडा तांबडा झाला. सायली घाबरली. ‘काकी, हे असंच ठेवलं तर या महिन्याला तोटा दिसेल. पुन्हा लपवू का?’

‘नको गो,’ मी म्हटलं, ‘दिसू दे.’