डाव्या हाताचं कुंकू

मैत्रिणींनो, दुपारपासून मन जाग्यावर नाही.

माझा उजवा खांदा जखडलाय. दोन महिने घरचं तेल चोळून भागवलं, शेवटी आज लातूरला फिजिओथेरपीला गेले. खांदा शेकत पडले होते, तेवढ्यात पडद्यापलीकडून व्यायाम करून घेणाऱ्या मॅडमचा आवाज आला, "मावशी, बोटं भिंतीवर मुंगीसारखी चढवा. अजून थोडं."

"न्हाई जात हो. कपाळापर्यंत गेला हात तरी बस्स. बायकांना कुंकू लावता येईना गेलंय."

आवाज ओळखीचा होता. आमच्या गल्लीत क्लासच्या पोरींचे डबे करणाऱ्या सुनीताताईंचा. संक्रांतीला त्या मला डाव्या हातानं कुंकू लावायला आल्या, तेव्हा चार बायकांत मी म्हणाले होते, "देवाधर्माचं काम डाव्या हातानं? एवढंबी कळंना का?" आणि कपाळ मागं घेतलं होतं.

पडदा सरकला. मला बघून त्याच हळहळल्या, "अगं बाई, तुमचाबी खांदा धरला का? लई दुखतंय का?"

मला मान वर करता येईना. आज सकाळी देवापुढं उभी राहून मी स्वतःचं कुंकू डाव्याच हातानं लावलं होतं.

उद्या त्याच वेळेला त्या तिथं परत भेटतील. माझ्या जागी तुम्ही असता तर पहिला शब्द कोणता बोलला असता?